व्हर्जिलच्या दृष्टिपटलाचे काय?

दोन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या शिबिरात आम्ही 'डोळा' हा विषय घेतला होता. चहाच्या सुट्टीत एक शिक्षक जवळ आले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेली चार झेरॉक्स पाने काढली. ऑलिव्हर सॅक्स यांच्या एका प्रसिद्ध लेखाचा कोणीतरी केलेला मराठी सारांश होता तो. "सर, आमच्या शाळेत एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. दोन्ही डोळ्यांत जन्मापासून मोतीबिंदू. तिच्या काकांना आम्ही ऑपरेशनचं सुचवलं, तर त्यांना कोणीतरी हे वाचायला दिलं. ते म्हणतात, आता उपयोग नाही. एवढ्या उशिरा मेंदू पाहायला शिकत नाही, उलट माणूस खचतो. खरं आहे का हे?"

एक ललित लेख असा एका घरातला वैद्यकीय निर्णय होऊन बसला होता. त्यामुळे आम्ही मूळ लेख पुन्हा एकदा, यावेळी पेन्सिल हातात घेऊन वाचला. त्या वाचनातून जे निघाले ते इथे मांडतो.

लेखाचे इंग्रजी शीर्षक 'टू सी अँड नॉट सी', म्हणजे 'दिसणे आणि न दिसणे'. तो १९९३ साली 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आला आणि १९९५ मध्ये 'अ‍ॅन अँथ्रोपॉलॉजिस्ट ऑन मार्स' या पुस्तकात समाविष्ट झाला. १९९९ मध्ये त्यावर 'अ‍ॅट फर्स्ट साइट' नावाचा चित्रपटही निघाला. सॅक्स हे मज्जाविकारतज्ज्ञ. २०१५ मध्ये ते वारले. रुग्णाकडे माणूस म्हणून पाहणारे आणि तसेच लिहिणारे त्यांच्यासारखे डॉक्टर फार थोडे झाले.

लेखाचा नायक 'व्हर्जिल' (हे नाव बदललेले आहे) पन्नाशीचा अमेरिकन गृहस्थ आहे. लहानपणी गंभीर आजारात त्याची दृष्टी गेली, पुढे दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू झाले. मालिश करण्याचे काम करत तो समाधानाने जगत होता. लग्न ठरले तेव्हा वाग्दत्त वधूच्या आग्रहावरून १९९१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटली तेव्हा त्याला प्रकाश दिसला, रंग दिसले, हालचाल दिसली, पण सगळ्याचा नुसता काला. त्या काल्यातून आवाज आला तेव्हा कुठे त्याला उमगले की समोर डॉक्टरांचा चेहरा आहे. आपल्या चित्रपटांत पट्टी सुटताच नायिका आधी देवाची मूर्ती, मग आई आणि मग नायक ओळखते. त्या दृश्याला यापेक्षा चांगले उत्तर कोणी दिलेले नाही, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पुढे व्हर्जिलला मांजराचा पंजा दिसे, नाक दिसे, शेपटी दिसे, पण मांजर दिसत नसे. पायऱ्या त्याला भिववीत. काही महिन्यांनी न्यूमोनियाचा मोठा आजार झाला, नोकरी गेली, घर गेले आणि अखेर मिळालेली दृष्टीही गेली.

यावरून वाचक जो निष्कर्ष घेऊन उठतो तो असा: डोळा दुरुस्त झाला होता, मेंदू तयार नव्हता. काकांना दिलेल्या सारांशात हे वाक्य जवळजवळ असेच होते, आणि खाली रेघ मारलेली होती.

आमचा आक्षेप या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला आहे. डोळा दुरुस्त झाला होता का? मूळ लेखात एक छोटा परिच्छेद आहे, जो सारांशकाराने गाळला आणि बहुतेक वाचक ओलांडून जातात. व्हर्जिलच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग, म्हणजे पीतबिंदू, जेमतेम काम करत होता. त्याला जे काही दिसत होते ते पीतबिंदूभोवतीच्या भागामुळे. उरलेले दृष्टिपटल कसर लागलेल्या लोकरी कापडासारखे ठिकठिकाणी खाल्लेले होते. बालपणातल्या दाहाच्या त्या जुन्या खुणा. सॅक्स यांनी हे लपवलेले नाही. पण सांगून ते पुढे गेले, आणि नंतरचा सगळा विचार मेंदूच्या अंगाने केला.

ही चूक किती मोठी आहे हे कळायला दृष्टिपटल हाताळून पाहिलेले असावे लागते. शिबिरात आम्ही खाटकाकडून बोकडाचे डोळे आणतो. डोळा मधोमध गोल कापला, भिंग आणि जेलीसारखा काचाभ द्रव काढून टाकला, की मागच्या वाटीत एक करडट, ओल्या टिश्यू कागदासारखा पापुद्रा दिसतो. चिमटीने ओढला तर तो सहज सुटून येतो, आणि एकाच जागी चिकटून राहतो. ती जागा म्हणजे दृष्टिचेता बाहेर पडते तो अंधबिंदू. (खालचा निळसर हिरवा चमकता थर पाहून शिक्षकही मुलांसारखे ओरडतात. तो माणसाच्या डोळ्यात नसतो.) हा पापुद्रा जागच्या जागी राहतो तो मुख्यतः आतल्या जेलीच्या आधाराने आणि मागच्या थराशी असलेल्या नाजूक लागेबांध्यामुळे.

पाठ्यपुस्तके या पापुद्र्याला कॅमेऱ्याची फिल्म म्हणत आली. आता फिल्म गेली, मोबाइल आला, उपमा मात्र 'सेन्सर' होऊन तशीच राहिली. फिल्मचा प्रत्येक चौरस सेंटिमीटर सारखाच असतो. दृष्टिपटल तसे मुळीच नाही. त्यात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंक्वाकार पेशी आहेत. पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू आहेत जेमतेम १० ते १२ लाख. म्हणजे शंभराहून अधिक पेशींमागे एकच तंतू. दरम्यानच्या थरांतल्या पेशी आलेल्या माहितीची बेरीज-वजाबाकी करतात, शेजारच्या उजेडाशी तुलना करतात, कडा ठळक करतात आणि मगच निरोप पुढे धाडतात. गर्भात दृष्टिपटल मेंदूच्याच एका फुगवट्यापासून तयार होते, तेव्हा ते बाहेर येऊन बसलेला मेंदूच आहे. डोळा एकीकडे आणि मेंदू दुसरीकडे ही वाटणी तिथेच डळमळते.

ही काटकसर सगळीकडे सारखी नाही. पीतबिंदूच्या मधोमध एक बारीक खळगा आहे. तिथे दंडाकार पेशी नाहीत, शंक्वाकार पेशी दाटीवाटीने आहेत, वरचे थर बाजूला सरकलेले आहेत, रक्तवाहिन्याही वाट सोडून गेल्या आहेत. इथे प्रत्येक शंक्वाकार पेशीला स्वतःचा तंतू मिळतो. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहऱ्यावरचा भाव टिपणे हे सारे काम या चिमुकल्या जागेचे. हात पूर्ण लांब करून अंगठ्याचे नख पाहा. जवळजवळ तेवढाच भाग आपल्याला खरा तीक्ष्ण दिसतो. विश्वास बसत नसेल तर या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवून, ती न हलवता, चार शब्दांपलीकडचा शब्द वाचायचा प्रयत्न करा. वर्गात हा प्रयोग केला की मुले आधी फसवतात, मग चकित होतात.

आता व्हर्जिलकडे परत जाऊ. मधला खळगा निकामी, बाकीच्या पटलाला ठिकठिकाणी भोके. आयुष्यभर उत्तम दृष्टी असलेल्या माणसाला उद्या असे दृष्टिपटल मिळाले, तर त्यालाही मांजर तुकड्यातुकड्यांनी दिसू शकेल. नजर जिथे पडेल तिथे कधी चित्र असेल, कधी नसेल. भिरभिरणारी नजर, चटकन येणारा थकवा, कधी बरे तर कधी काहीच न दिसणे, या सगळ्यांत दृष्टिपटलाचा वाटा किती आणि मेंदूचा किती? लेखातील निरीक्षणांवरून बहुतेक ठिकाणी हे सांगताच येत नाही. दोन कारणे एकत्र असली की परिणामाचे श्रेय एकालाच देता येत नाही, हे आपण आठवीच्या मुलाला प्रयोगवहीत शिकवतो.

उलट्या बाजूचे उदाहरण आमच्या घरातलेच आहे. आमच्या वडिलांचे दृष्टिपटल वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी सुटले. आधी पाच-सहा दिवस 'पडद्यासारखे काहीतरी' दिसते म्हणून त्यांनी चष्मा पुसण्यात घालवले. शस्त्रक्रिया चांगली झाली, पटल जागी बसले, तरी त्या डोळ्याने दाराची चौकट अखेरपर्यंत वाकडी दिसे. प्रकाशग्राही पेशींचे पोषण मागच्या थरातून होते. तिथून सुटल्या की त्या उपाशी पडतात, आणि पीतबिंदू सुटला असेल तर दिवसागणिक नुकसान वाढते. वडिलांच्या मेंदूला पाहण्याचा सत्तर वर्षांचा सराव होता. त्याचा काही इलाज चालला नाही. तेव्हा असे पडदे, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा विजेसारखे लखलखाट दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, एवढे वाटेत सांगून ठेवतो.

मग मेंदूचा मुद्दा खोटाच का? मुळीच नाही. तो सिद्ध करणारा पुरावा मात्र वेगळ्या जातीचा आहे, आणि गमतीचा भाग असा की त्याचा एक नमुना सॅक्स यांच्याच लेखात दडलेला आहे. प्राणिसंग्रहालयात व्हर्जिलला गोरिला दिसला, तो त्याला मोठ्या माणसासारखा वाटला. जवळच गोरिलाचा पुतळा होता. तो हातांनी चाचपल्यावर त्याला खऱ्या गोरिलातले वेगळेपण दिसू लागले. या मधल्या काही मिनिटांत दृष्टिपटल काही बदलले नव्हते. बदलला होता तो मेंदूत साठलेला गोरिला. सबंध लेखात आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा प्रसंग, आणि सारांशात नेमका तोही नव्हता.

असा पुरावा रिचर्ड ग्रेगरी आणि जीन वॉलेस यांच्या १९६३ च्या पुस्तिकेत पानोपानी आहे. त्यांचा 'एस. बी.' दहा महिन्यांचा असताना दृष्टी गमावलेला इंग्रज गृहस्थ. बावन्नाव्या वर्षी, १९५८ च्या डिसेंबरात आणि १९५९ च्या जानेवारीत, त्याच्या दोन्ही डोळ्यांत पारपटलाचे रोपण झाले. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड महिन्याने ग्रेगरी त्याला भेटले. एस. बी. इंग्रजी मोठ्या लिपीतली अक्षरे वाचत होता, लहान लिपीतली नाही. कारण अंधशाळेत त्याला मोठ्या लिपीची अक्षरे हाताने चाचपून शिकवली होती, लहान लिपीची नव्हती. भिंतीवरचे घड्याळ तो पाहताक्षणी वाचू शकला, कारण काच काढलेल्या घड्याळाचे काटे तो वर्षानुवर्षे बोटांनी चाचपत आला होता. डोळा तोच, दृष्टिपटल तेच. एक अक्षर कळते आणि दुसरे कळत नाही, तर फरक दृष्टिपटलात असणार कसा? या साध्या तुलनेने दृष्टिपटल प्रश्नातून बाजूला होते. सॅक्स यांच्या भाषेचा मोह ग्रेगरींच्या पुस्तिकेला नाही, वाचायला ती रुक्षच आहे. पण ती वाचून आपण फसत नाही. (एस. बी. नंतर खिन्न होत गेला आणि १९६० मध्ये वारला. शोकांतिका इथेही आहे, पण तिच्यावर सिद्धान्ताची इमारत उभी केलेली नाही.)

मांजराच्या पिल्लांवरचे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांचे प्रयोग सर्वांना ठाऊक आहेत. त्याबद्दलच्या कामाचा १९८१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा होता. कोवळ्या वयात एका डोळ्याची पापणी शिवून ठेवली आणि मग उघडली, तर मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या जवळजवळ कुठल्याच पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नव्हत्या. इथेही त्यांनी आधी वाटेतले ठाणे तपासले होते. तिथल्या पेशी आक्रसल्या होत्या, पण डोळ्याकडून आलेल्या निरोपाला बऱ्याच अंशी नेहमीसारखा प्रतिसाद देत होत्या. म्हणजे निरोप निघत होता, पोचतही होता, पुढे कोणी घेत नव्हते. मात्र व्याख्यानांत क्वचित सांगितला जाणारा एक उपसंहार आहे. १९६५ मध्ये त्याच दोघांनी दोन्ही डोळे शिवलेल्या पिल्लांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अपेक्षा होती की नुकसान दुप्पट होईल. प्रत्यक्षात दृष्टिकेंद्रातल्या बऱ्याचशा पेशी प्रतिसाद देत होत्या, काही तर जवळजवळ निरोगी पिल्लांसारख्या. एक डोळा उघडा असला की तो दुसऱ्याची जागा बळकावतो. दोन्ही बंद असले तर बळकावणारा कोणी नसतो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या मुलीला एक डोळा शिवलेल्या पिल्लाचा निकाल लावणे म्हणूनच बरोबर नाही.

आता सर्वांत जवळचा पुरावा. अमेरिकेतल्या एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या 'प्रकल्प प्रकाश'मध्ये गेली काही वर्षे उत्तर भारतातल्या अशा मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया आणि अभ्यास दोन्ही होत आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात ८ ते १७ वयाची पाच मुले होती. प्रश्न जुना होता, १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक यांना पत्राने विचारलेला: जन्मांधाला हाताने ओळखता येणारा घन आणि गोल, दृष्टी आल्यावर नुसते पाहून ओळखता येतील का? शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत मुलांना ठोकळ्यांचे आकार दिले. हाताने चाचपलेला ठोकळा हाताने ओळखणे जवळजवळ अचूक. पाहिलेला ठोकळा पाहून ओळखणे, शंभरात बाण्णव वेळा बरोबर. चाचपलेला ठोकळा पाहून ओळखणे मात्र शंभरात अठ्ठावन्न, म्हणजे नाणेफेकीहून फारसे बरे नाही.

या तीन आकड्यांतला मधला आकडा पाहा. व्हर्जिलच्या कथेत जे नाही ते हेच. पाहिलेले पाहून ओळखता येते, याचा अर्थ या ठोकळ्यांपुरते डोळा आणि दृष्टिपटल यांचे काम चालू आहे. मग तिसऱ्या आकड्यातले अपयश दृष्टिपटलावर ढकलता येत नाही. हात आणि डोळा यांची ओळख व्हायची आहे, इतकेच. काही मुलांची काही दिवसांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ही ओळख बरीच झालेली होती. एस. बी.ने मोठी अक्षरे कशी वाचली, या कोड्यालाही इथे एक वाट मिळते: ग्रेगरी पोचेपर्यंत मध्ये आठवडे गेले होते.

याचा अर्थ उशिराने सगळे भरून येते असा कोणी घेऊ नये. या मुलांची दृष्टीची तीक्ष्णता पुढेही कमीच राहते. जन्मजात दाट मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या दोनेक महिन्यांत व्हावी हा वैद्यकाचा नियम त्यासाठीच आहे, आणि 'मूल मोठे होऊ दे, मग पाहू' हा घरगुती सल्ला सर्वांत महाग पडतो. पण 'उशीर झाला' आणि 'उपयोग नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. सॅक्स यांनी दुसरे वाक्य लिहिलेले नाही. पन्नाशीचा, फुटके दृष्टिपटल असलेला, घरगुती ताणात आणि जिवावरच्या आजारात सापडलेला एक माणूस त्यांनी रंगवला. ते चित्र अकरा वर्षांच्या मुलीचे समजून वापरले गेले, यात लेखकाचा दोष किती, हा प्रश्न उरतो. आमच्या मते थोडा आहे. ज्या परिच्छेदावर सगळे तोलले जाते तो त्यांनी कंसात टाकावा तसा टाकला. चित्रपटाने तर उरलेले बारकावेही धुऊन टाकले, त्याच्याविषयी अधिक लिहीत नाही.

त्या शिक्षकांना आम्ही एवढेच सांगितले की मेंदूचे पुढे पाहू, पहिला प्रश्न दृष्टिपटलाचा विचारा. मोतीबिंदूच्या आड डॉक्टरला ते दिसत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत चारी बाजूंनी टॉर्च दाखवून उजेड कुठून येतो ते विचारतात. बाहुली आकुंचन पावते का पाहतात. सोनोग्राफीने पटल जागेवर आहे का ते कळते, आणि ते काम करते की नाही यासाठी विद्युत चाचणी असते. मुलीला टॉर्चची दिशा चारही बाजूंनी बरोबर सांगता आली. काकांनी महिनाभर घेतला, मग ते तयार झाले.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन आता दीड वर्ष झाले. शिक्षकांची पत्रे येतात. बुबुळे पूर्वीसारखीच सतत हलतात, पायरी उतरताना ती अजून आधी पाय पुढे करून चाचपते, मैत्रिणींना चेहऱ्यापेक्षा कपड्यांच्या रंगावरून आणि चालीवरून ओळखते. आमच्या सांगण्यावरून त्यांनी एक वही ठेवली आहे. दोन मीटरवरून ती फळ्यावरचे किती उंचीचे अक्षर वाचते, याची दर महिन्याला नोंद. सुरुवातीला सात सेंटिमीटर, दिवाळीनंतर पाच, मार्चमध्ये चार. तेव्हापासून चारच आहे. शिक्षक आता फळ्यावर पाच सेंटिमीटरचे अक्षर काढतात.